दीड इंच समास

परीक्षा विभागात, जिन्याखालच्या खोलीत, विद्यार्थ्यांच्या शोधनिबंधांचे समास मोजण्याचे काम मी बावीस वर्षे करीत आहे. डावीकडे दीड इंच, बाकी तिन्ही बाजूंना एक. त्यासाठी माझ्याकडे स्टीलची पट्टी आहे आणि ती मी कुणाला हात लावू देत नाही. निबंधात काय लिहिले आहे ते मी वाचत नाही. तो माझा अधिकार नाही, आणि ज्यांचा आहे तेही वाचत नाहीत. पोरे पाठीमागे मला पट्टीकाका म्हणतात. म्हणू देत.

गेल्या वर्षी एक मुलगी निबंध घेऊन आली. शहरातल्या चाळीस सार्वजनिक नळांचे पाणी तिने वर्षभर, दर महिन्याला, बाटल्या घेऊन हिंडून तपासले होते. आम्ही तिचे नाव नळवाली ठेवले. मी पट्टी लावली. डावा समास दशांश इंचाने कमी भरला.

"काका, एका केसाचा तर फरक आहे," ती म्हणाली.

"आज एक केस सोडला तर उद्या अख्खी वेणी सोडावी लागेल," मी म्हणालो आणि निबंध परत केला.

तिने संगणकावर समास वाढवला. या सॉफ्टवेअरचा स्वभाव असा की इकडे बोट लावावे आणि तिकडे कळ निघावी. आकृत्या पुढच्या प्रकरणात गेल्या, पानांचे आकडे अनुक्रमणिकेशी भांडू लागले, आणि चाळीस नळांचा, बारा महिन्यांचा मोठा तक्ता अंग चोरून बसला. रकाने इतके अरुंद झाले की तीन अंकी आकडा मोडून दोन ओळींत पडायचा. त्यामुळे ओळ उंच व्हायची आणि तक्त्याचे शेपूट पुढच्या पानावर जायचे.

"पान आडवं करू?" तिने विचारले.

"परीक्षकांची मान अवघडते. नियम अकरा."

"अक्षर लहान करू?"

"बाराच्या खाली नाही. नियम सात."

"मग तक्ता दोन पानांवर राहू दे ना."

"तक्ता फोडायचा नाही. नियम एकोणीस."

"काका, तो बसत नाही हो."

"ते तक्त्याला सांग."

शेवटी ती तिच्या मार्गदर्शक सरांना माझ्या खोलीत घेऊन आली. सर सज्जन गृहस्थ. त्यांच्या हाताखाली पन्नासेक निबंध पार पडले होते आणि त्यांतल्या काहींची शीर्षकेही त्यांना आठवत. त्यांनी तक्त्यावर नजर टाकली आणि दोन मिनिटांत अडचण सोडवली.

"एवढं काय डोक्याला हात लावून बसलीस? तीन अंकी आकड्यांच्या ओळी काढून टाक. नऊच आहेत. एकतीस उरतात, बक्कळ झाले."

"सर, पाणी त्याच नऊ नळांचं वाईट आहे. दहापर्यंत जंतू असले तर चालतं, बाकीचे सगळे दहाच्या आत आहेत. शाळेच्या नळाला चारशे बारा आलेत. तुमचा शिक्का असल्याशिवाय पाणीखातं कागद हातात घेत नाही, आणि तिकडे पोरं रोज ते पाणी पितायत."

"अगं, तुझा मुद्दा बरोबर आहे," सर मायेने म्हणाले, "पण मांडणीत बसत नाही."

ओळी गेल्या. तक्ता एका पानावर असा बसला की मीसुद्धा मान डोलावली. पण छाननी समितीने शेरा मारला: निष्कर्षात नऊ नळ दूषित म्हटले आहेत, तक्त्यात एकही दिसत नाही, निष्कर्ष तक्त्याशी जुळवून घ्यावा.

मुलगी दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी आली ती डोळे सुजवून.

"काका, परिशिष्टाला काय नियम आहे?"

मी नियमावली चाळली. परिशिष्टाला नियमच नव्हता. जे कुणी वाचत नाही त्याला नियम कशाला करायचा?

"तिथे धोब्याची यादी लावलीस तरी चालेल," मी म्हणालो.

तिने नऊ ओळी शेवटच्या पानावर लावल्या. निष्कर्षात लिहिले, 'तक्त्यातील सर्व नळांचे पाणी पिण्यास योग्य आहे. उरलेल्या नऊ नळांसाठी परिशिष्ट पाहावे.' निबंधावर शिक्का बसला. उत्कृष्ट मांडणीचे प्रशस्तिपत्रही मिळाले.

पाणीखात्याने निष्कर्षातले पहिले वाक्य वाचले आणि चाळीसही नळांवर 'पाणी पिण्यास योग्य' असे फलक ठोकले. मुलगी परिशिष्ट घेऊन तिथे तीनदा गेली म्हणे. तिथल्या साहेबांनी तिला समजावले की फलक लागलेले आहेत; आता पाणी वाईट म्हटले तर फलक खोटे ठरतील.

माझी नात त्याच शाळेत जाते. गेल्या सोमवारी तिला उलट्या सुरू झाल्या आणि बुधवारी दवाखान्यात सलाईन लावावे लागले. डॉक्टरांनी विचारले, ही पाणी कुठले पिते?

"शाळेतलं," मी म्हणालो. "त्याची काळजी नको. तपासलेलं पाणी आहे, निबंध माझ्याच हातून गेलाय."

सून पलंगाशी उभी होती. तिने माझ्याकडे पाहिले.

"बाबा, तुम्ही वाचला होता?"

"मोजला होता," मी म्हणालो.

 

दुसऱ्या दिवशी मी कपाटातून तो निबंध काढला आणि शेवटचे पान उघडले. शाळेचा नळ तिथे होता, आकडाही होता. शपथेवर सांगतो, माझा हात आधी पट्टीकडे गेला. डावा समास एकच इंच भरला. मला स्वतःची किळस आली. तरी मी पेन्सिलीने खूण केली.

नात अजून घरी आलेली नाही. तुम्ही मला शिव्या देत असाल. जरूर द्या, मी त्या लायकीचा आहे. फक्त एवढे सांगा, शाळेच्या नळाचा आकडा किती होता? वर लिहिला आहे, परिशिष्टात नव्हे, भर मजकुरात. मागे जाऊन पाहायचे नाही.

आठवला तर तुमचे पाय धरीन. नसेल आठवत, तर या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे. पट्टी मात्र आपली आपण आणायची.