वीतभर जागा

पेटी वर वीतभर रिकामी राहिली, आणि तिथंच सगळं बिघडलं.

दुसऱ्या कुणाच्या हातची पेटी असती तर चालून गेलं असतं. पण ती शांतवनराव पारख्यांनी भरली होती. चाकणच्या एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात त्यांनी एकतीस वर्षं काढली होती. 'पेटी हलवली तर आतून आवाज येता कामा नये' ही त्यांच्या लेखी दहा आज्ञांनंतरची अकरावी आज्ञा. निवृत्त झाल्यावर बिचाऱ्याला भरायला काही उरलं नाही, म्हणून ते बायकोचा फ्रीज भरत. फ्रीज उघडून कोथिंबीर काढायची तर मार्थाबाईंना आधी चार डबे, दोन पातेली आणि एक कलिंगड बाहेर काढावं लागे.

या पेटीत दोनशे दुपटी होती.

शांतवनरावांची धाकटी बहीण करुणा नर्स होती. चिंचवडच्या चर्चच्या मंडळीनं तिला बावीस वर्षांपूर्वी आफ्रिकेत, मलावी नावाच्या देशात, डोंगरावरच्या एका मिशन दवाखान्यात पाठवलं. दोन वर्षांसाठी गेली आणि तिथलीच होऊन बसली. ती निघाली तेव्हा शांतवनराव म्हणाले होते, "का गं, इथले गरीब संपले?" त्या एका वाक्याची लाज त्यांना बावीस वर्षं पुरली होती. बहिणीनं एवढ्या वर्षांत भावाकडे कधी काही मागितलं नाही. या जानेवारीत मात्र तिचा फोन आला.

"दादा, इथं जूनमध्ये हाडं गोठवणारी थंडी पडते रे. बाळ जन्मतं आणि गुंडाळायला घरात कोरडी चिंधी नसते. मागच्या थंडीत अकरा गेली. मऊ दुपटी पाठवशील?"

"किती?"

"जमतील तितकी."

मंडळीतल्या बायकांनी अडीच महिने शिवणयंत्रं चालवली. मार्थाबाईंचे गुडघे पायट्यावर कामातून गेले, पण दोनशे दुपटी झाली. साहेबराव म्हणजे शांतवनरावांचा खात्यातला जुना सोबती, आता चाकणहून परदेशी माल पाठवण्याचा धंदा करणारा. त्यानं आफ्रिकेला निघालेल्या स्पेअर पार्टच्या कंटेनरमध्ये एका पेटीची जागा फुकट दिली. सोमवारी सकाळी पेटी चाकणला पोचवायची, मेअखेर ती तिथं मिळणार, थंडीच्या आत. सगळं कसं घडी घातल्यासारखं होतं.

शनिवारी शेवटचं दुपटं ठेवलं आणि वर वीतभर जागा उरली.

"टाका एक चादर आणि ठोका खिळे," मार्थाबाई म्हणाल्या.

"चादरीनं भरणारी जागा आहे का ही?"

"मग राहू द्या रिकामी. देवानं एवढं मोठं आभाळ रिकामं ठेवलंय, तुमच्यानं वीतभर बघवत नाही?"

नाही बघवलं. रात्रभर ती वीत शांतवनरावांच्या डोळ्यांपुढे नाचत होती. पहाटे उठून त्यांनी पुनावळ्यातल्या आपल्या 'सिल्व्हर ऑर्किड' सोसायटीच्या ग्रुपवर लिहिलं, 'आफ्रिकेतील गरीब बाळांसाठी मदत जात आहे. पेटीत थोडी जागा आहे. लहान मुलांचे चांगले लोकरी कपडे असल्यास आणून द्यावेत.'

सोसायटीत एकशेवीस फ्लॅट. शहाण्या माणसानं अशा ग्रुपवर 'थोडी जागा आहे' असं कधी लिहू नये. आठच्या आत बेल वाजली. दारात उत्कर्षा, सोसायटीची सेक्रेटरी. हातात मिक्सर.

"काका, हा फक्त फिरत नाही. बाकी एकदम नवा आहे."

"अगं, पण ते बाळांचे कपडे..."

"असू दे हो. त्यांना काय, काहीही चालतं!"

मग रांगच लागली. कुणी एका पायाचे बूट आणले. कुणी लग्नातली शेरवानी आणली, कारण ती आता पोटावर बसत नव्हती. स्पर्धा परीक्षांची मराठी मार्गदर्शकं आली. कोविडमधल्या तोंडावरच्या प्लास्टिकच्या ढाली आल्या, पन्नास. एका बिल्डरच्या फोटोचं, कायम सव्वाचार दाखवणारं भिंतीवरचं घड्याळ आलं. दुपारी मंडळीचे पाळकसाहेब स्वतः आले. "सलाम, पारखे," म्हणत त्यांनी वाळवी लागलेल्या मराठी गीतपुस्तकांचा गठ्ठा ठेवला. तेव्हा मार्थाबाई आत निघून गेल्या. त्या रागावल्या की प्रार्थना करत, आणि ती प्रार्थना भांड्यांच्या आवाजात ऐकू येई.

चारच्या सुमाराला चेअरमन रणजीतशेठ आले. गावच्या जुन्या घरातले. बापानं वांगी पिकवली त्या जमिनीवर आता ही सोसायटी उभी होती, आणि रणजीतशेठ महापालिकेला उभं राहणार होते.

"काका, एवढं मोठं काम आन् तुमी गपचूप करताय व्हय? न्हाई जमायचं. संध्याकाळी कार्यक्रम घ्यायचा. पेटी खाली मांडवात आना."

"शेठ, पेटी भरलीय. दुपट्यांनी भरलीय."

"मंग काढा की घटकाभर! लोकांनी दिलेल्या वस्तू दिसाया नकोत व्हय? फोटो झाल्यावर परत घाला. हाय काय अन् न्हाई काय."

फोटो झाल्यावर परत घालायचं, हे पटण्यासारखं होतं. जगातली बहुतेक नुकसानं अशी पटण्यासारखीच असतात. दुपटी काढून दोन गाठोड्यांत बांधली आणि मांडवाच्या मागं ठेवली. पेटीत मिक्सर गेला, घड्याळ गेलं, शेरवानी गेली. आणि इथं शांतवनरावांचा घात केला तो त्यांच्याच हातांनी. मिक्सर आडवा ठेवला तर भांड्यात बूट बसतात हे त्यांना दिसलं. ढाली एकात एक घातल्या, गीतपुस्तकांनी कोपरे भरले. तासाभरात त्यांनी पेटी अशी भरली की तिच्यात सुई शिरली नसती. मागं सरकून त्यांनी ती हलवून पाहिली. आवाज नाही. खरं सांगायचं तर त्या क्षणी त्यांना फार बरं वाटलं.

फलक लागला होता, 'पुनावळे ते आफ्रिका : माणुसकीचा सेतू'. त्यावर रणजीतशेठ पुरुषभर उंच, आणि खाली कोपऱ्यात आफ्रिका. भाषणं झाली. शांतवनरावांच्या गळ्यात हार पडला. फोटोग्राफर म्हणाला, "काका, जरा हसा की!" काका हसले. आणि रणजीतशेठनी हातोडी मागवून झाकण लावलं, खिळा ठोकला. एक ठोकला, टाळ्या पडल्या, म्हणून दुसरा ठोकला. टाळ्या थांबेनात, खिळे थांबेनात.

मार्थाबाई गर्दीतून नवऱ्याकडे बघत होत्या. त्यांचे ओठ स्पष्ट म्हणत होते, 'थांबवा.' थांबवायला किती लागतं? तोंड उघडायचं. पण गळ्यात हार असला की तोंड उघडत नाही. रात्री घरी नेऊन उघडू, असं शांतवनरावांनी मनाशी ठरवलं.

तेवढ्यात मांडवाशी टेम्पो येऊन उभा राहिला. साहेबरावाचा फोन आला, "भावा, कंटेनर आजच निघतोय. पेटी लगेच टाक." रणजीतशेठनी नारळ फोडला, पोरांनी पेटी उचलली, आणि हार काढेपर्यंत टेम्पो गेला.

"दुपटी घ्या!" मार्थाबाई ओरडल्या. "रिक्षा करा! जा!"

दोन गाठोडी मांडीवर घेऊन शांतवनराव रिक्षातून निघाले. चाकणच्या चौकात ट्रक, कंपन्यांच्या बसगाड्या आणि टँकर अडकून पडले होते. रिक्षावाल्यानं इंजिन बंद केलं, चप्पल काढली आणि पाय सीटवर घेतले.

"काका, काय हाय गाठोड्यात?"

"दुपटी आहेत. बाळांची."

"नातू झाला वाटतं!"

शांतवनरावांनी होकाराची मान हलवली. पावणेतीन तासांनी ते गोदामावर पोचले तेव्हा कंटेनर जाऊन तास झाला होता.

"पुढचा दिवाळीनंतर," साहेबराव म्हणाला. "पण राव, इतक्या सुंदर भरलेल्या पेटीत तुला आणखी काय घालायचं होतं?"

घरी गाठोडी पलंगाखाली गेली. पाळकसाहेब म्हणाले, "प्रभूची इच्छा." मार्थाबाई म्हणाल्या, "प्रभूला खिळे ठोकायला लावू नका, त्याला त्याचं पुरेसं झालंय." विमानानं पाठवायची तर मंडळीची ऐपत नव्हती. रणजीतशेठ म्हणाले, "बघू, इलेक्शन होऊ द्या." आणि करुणानं फोनवर विचारलं, "दादा, निघाली का रे दुपटी?" तेव्हा शांतवनराव म्हणाले, "पेटी निघाली." खरं सांगायला त्यांची जीभ उचलली नाही. मग जून आला आणि गेला. करुणाचा फोन आला नाही, आणि करायची यांची छाती झाली नाही. जूनभर त्यांनी फ्रीज भरला नाही.

सप्टेंबरात तिकडून सुट्टीवर आलेल्या एका डॉक्टरांनी एक पोतं आणि एक पत्र आणून दिलं. पोत्यात रंगीत सुती कापडाचे तुकडे होते, बाळ गुंडाळण्याएवढे, धुऊन घडी घातलेले. शांतवनराव पत्र फोडणार तोच रणजीतशेठ दारात. वॉचमननं पोतं पाहिलं होतं.

"आफ्रिकेनं भेट पाठवली? अन् तुमी पलंगाखाली घालणार व्हय? न्हाई काका. संध्याकाळी मांडव!"

पुन्हा मांडव, पुन्हा तोच फलक. लोक दुपटीनं जमले, कारण या वेळेस द्यायचं नव्हतं, मिळायचं होतं. रणजीतशेठनी माईक शांतवनरावांच्या हातात दिला. "काका, पत्र वाचा. सगळ्यांला कळू द्या आपण काय काम केलं."

शांतवनरावांनी पत्र उघडलं. पहिल्या दोन ओळी त्यांनी मनातच वाचल्या. त्यांनी खाली बघितलं. पहिल्या रांगेत मार्थाबाई बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "वाचा. सगळं वाचा."

त्यांनी वाचलं.

'दादा, पेटी तीस मेला आली. बायका बाळांना पाठीला बांधून पहाटेपासून बसल्या होत्या. मी त्यांना सांगितलं होतं, माझ्या भावानं दुपटी पाठवलीत. त्यांच्यासमोर पेटी उघडली. एकेक वस्तू बाहेर निघत गेली. कुणी हसलं नाही, दादा. त्यांनी न फिरणारा मिक्सर हातात घेऊन पाहिला, एका पायाचे बूट पाहिले. मग एक म्हातारी म्हणाली, "सिस्टर, तुझ्या भावाच्या गावात एवढी गरिबी आहे? यांच्याकडे हेच उरलं होतं आणि तेही त्यांनी आम्हाला दिलं?"

मी हो म्हणाले. काय करू? दुसरं जे उत्तर होतं ते त्यांना सांगायची मला लाज वाटली.

रविवारी त्यांनी तुमच्यासाठी प्रार्थना केली. मग घराघरातून ही कापडं गोळा केली. तुमच्याकडेही थंडी पडते असं मी मागं कधीतरी बोलले होते, म्हणून. मी नको नको म्हणत होते. त्या म्हणाल्या, आम्हाला सवय आहे.

या थंडीत नऊ गेली. हे तुला लागावं म्हणून लिहीत नाही. तू विचारशील म्हणून लिहिते. मार्थावहिनीला सलाम.'

 बाहेर हायवेचा घरघराट तेवढा ऐकू येत होता. मागं कुणाचं तरी बाळ रडलं आणि गप्प झालं. शांतवनरावांना वाटलं, लागलं. निदान एकदा तरी लागलं. उत्कर्षाच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं पदरानं डोळे पुसले आणि हात वर केला.

"काका," ती कातर आवाजात म्हणाली, "हे प्रत्येक फ्लॅटला एक की दोन?"

"दोन कुटनं देता?" रणजीतशेठनी माईक काढून घेतला. "कापडं त्रेचाळीस, फ्लॅट एकशेवीस. भांडनं नकोत. लकी ड्रॉ!"

मांडवात एकदम जीव आला. चिठ्ठ्या झाल्या, स्टीलच्या डब्यात पडल्या. मागून कुणीतरी विचारलं, "इम्पोर्टेड कॉटन आहे ना?" पहिली चिठ्ठी काढायचा मान पाळकसाहेबांना मिळाला. त्यांनी ती उघडली, चष्मा वर केला आणि मोठ्यानं वाचली.

"फ्लॅट तीनशे चार. पारखे!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. रणजीतशेठनी वरचंच एक निळं कापड उचलून शांतवनरावांच्या हातात ठेवलं. ते वीतभर सरकून बाजूला व्हायला गेले, पण शेठनी खांद्याला धरून त्यांना फलकासमोर उभं केलं. कापडाला चुलीच्या धुराचा वास येत होता, आणि त्याच्या एका टोकाला बाळाला पाठीशी बांधताना मारलेल्या गाठीची सुरकुती धुऊनसुद्धा गेली नव्हती.

"काका, जरा हसा की!" फोटोग्राफर म्हणाला.

शांतवनरावांनी पहिल्या रांगेकडे पाहिलं. मार्थाबाईंची खुर्ची रिकामी होती. मग ते हसले.