तिसऱ्या कडव्याची मोहीम

श्रीशारदेस दंडवत घालून, आणि मोबाइलात चार्जिंग शिल्लक आहे तोवर, वर्तमान लिहावयास घेतले ऐसे जे:

अमरावती शहरी एका महाविद्यालयात जनसंवाद विभाग म्हणून एक ठाणे. त्या ठाण्याचे मुखत्यार राजश्री केशवराव सर, हजेरीचे बहुत सक्त. त्यांनी फाल्गुन मासी तिसऱ्या वर्षाच्या समस्त विद्यार्थ्यांस फर्मान केले की, चौघाचौघांची पथके बांधावी, दर पथकाने एका प्रेमगीताची चित्रफीत सिद्ध करावी, आणि करिताना काय अनुभव आला याची हकीकत सोबत लिहून चैत्र शुद्ध द्वादशीस दाखल करावी, कसूर जाहल्यास गुण नाहीत. त्या हुकमाबरहुकूम हकीकत दाखल जाहलीच आहे. ती दीड पानाची असून तीत 'टीमवर्क शिकायला मिळाले' हे वाक्य तीन ठिकाणी आले आहे, आणि बाकी मजकूर गुगलावरचा. खरे वर्तमान सरांस दाखविण्याजोगे नव्हते. ते येथे लिहितो, पदरचे काही घातले नाही.

ज्या पथकाचे हे वर्तमान, त्याच्या सरदार आकांक्षाबाई, बार्शीटाकळीचे फुलवाले भगवंतराव यांच्या कन्या. धारिष्ट मोठे, आवाज त्याहून मोठा. गीतही बाईंनीच आणिले, आणि कोणाचे म्हणून पुसता, होस्टेलातल्या एका सीनिअर मुलीच्या वहीत सापडले, असे सांगितले. ते साफ खोटे. गीत बाईंनी स्वतः रचिले होते, आणि ज्या पुरुषावर रचिले तोच पुरुष त्यांनी नायक म्हणून नेमिला होता. त्याचे नाव मनोजराव, मूर्तिजापूर तालुक्यातील कास्तकाराचे चिरंजीव. बाईंचा त्यांच्याशी तीन वर्षांचा स्नेह होता, म्हणजे मनोजरावांनी नोट्स न्याव्या आणि परत आणू नये. परीक्षा होताच त्यांनी मावसभावाच्या कारखान्यात सुरतेस रुजू व्हावे हे घरी कायम जाहले होते. तेव्हा बाईंनी एकांती मसलत केली की, तोंडाने सांगवत नाही ते गाण्याने सांगावे, आणि फीत पाहून यास उमजले तर उमजले, नाही तर सुरत आहेच. बाईंचा जीव यात गुंतला होता, हे येथेच साफ लिहून ठेवितो, कारण पुढे मोहीमभर त्या कोणास तसे दिसू देणार नाहीत.

बाकी सरंजाम असा. नायिका प्रतीक्षाबाई, देखण्या आणि हसऱ्या. हसऱ्या किती, ते पुढे कळेल. कॅमेरादार बंडूजी, हुकमाचे पक्के, बाईंनी 'अॅक्शन' म्हटल्याशिवाय बटण दाबणे नाही आणि 'कट' म्हटल्याशिवाय सोडणे नाही. मनोजरावांची नेमणूक मात्र इतरांच्या मते केवळ केसांमुळे जाहली. केस असे की कपाळावरून एकदा मागे सारले म्हणजे वर्गातील तीन बाक वळून पाहत.

फाल्गुन वद्य एकादशीस पथकाने छत्री तलावी मुक्काम केला आणि दोन कडवी काबीज केली. केसांनी बहुत पराक्रम केला, वाऱ्यावर उडाले, उन्हात चमकले, आणि बंडूजींनी ते सर्व टिपिले. परंतु मनोजरावांच्या मुखावर प्रेम म्हणून काही उमटेना. प्रतीक्षाबाईंकडे पाहावे तर पीकविम्याचा अर्ज भरताना माणूस जसे पाहतो तसे पाहत. बाईंनी बावीस वेळा तो शॉट घेतला, आणि मग केसांच्या भरवशावर दोन कडवी पुरी केली. तिसरे कडवे मूर्तिजापुरी, शकुंतला रेल्वेच्या रुळांवर, जेथे आता गाडी येत नाही आणि गवत येते, तेथे घ्यावे असे ठरून फौज माघारी आली.

तो तिसरे दिवशी मनोजरावांचे चुलत आजोबा पुंजाराम आबा, वय वर्षे अठ्ठ्याऐंशी, देवाघरी गेले. याच आबांनी मनोजरावांस सायकल शिकविली होती, आणि बारावीत नापास जाहले तेव्हा सारे घर बोलत असता एकट्या आबांनी शेजारी बसवून जेवू घातले होते. मनोजराव गावी गेले. दुःखाचा मामला, म्हणून बाईंनी फोन करून शूटिंगचे नाव काढिले नाही, आणि तेरवीच्या दिवशी बंडूजींस घेऊन स्वतः गेल्या.

मांडवात पंगत बसली होती. वरण वाढून गेले, वांग्याची भाजी वाढून गेली, आणि मग बुंदीची बादली घेऊन एक गोटा केलेला जवान पंगतीतून वाकत वाकत आला आणि बाईंपुढे थांबला.

"घे ना व बुंदी. लाजून काऊन राहिली?"

बाईंनी आवाज ओळखिला आणि मग वर पाहिले. दशक्रियेस नदीकाठी भाऊबंदांतील समस्त पुरुष न्हाव्यापुढे बसले होते, आणि सर्वांत आधी मनोजराव बसले होते. टाळू नुकत्या घासलेल्या भांड्यासारखी लखलखत होती. बाईंच्या हातून द्रोण सुटला.

"मनोज, केसं?"

"आबा गेले न. माया सख्ख्या आज्यापक्षा मोठे होते ते."

"अन् तिसरं कडवं?"

मनोजराव बादली सावरून निर्मळ मनाने बोलिले, "गाण्याले तं आवाज लागते. केसाले काय होते?"

यावर बाईंस रागे भरता येईना. आबांसाठी ज्याने डोके पुढे केले त्यास काय बोलावे? उलट त्या क्षणी तो बाईंस पहिल्याहून अधिक आवडला, आणि तेणेकरून चिंता दुप्पट जाहली. दोन कडवी सकेश, तिसरे विकेश, आणि फीत दाखल करावयास दोन दिवस. बुंदी न खाता बाई उठल्या.

त्याच दुपारी बाई आणि बंडूजी यांनी अकोल्यावर कूच केले, मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात शिरले, आणि गल्लीत गल्ली पुसत नत्थुजींचे दुकान गाठिले. नत्थुजी म्हणजे गॅदरिंगला आणि नाटकाला पोशाख भाड्याने देणारे, वयोवृद्ध, बोलणे रोखठोक. बाईंनी नायकाचा केसांचा टोप मागितला. नत्थुजींनी तीन टोप पुढे टाकिले, एक राक्षसाचा, एक म्हातारीचा, एक ऋषीचा.

"कॉलेजातल्या पोराचा नाही का जी?"

"कॉलेजातल्या पोराले सोताचे केसं रायते, बाई. त्याच्यासाठी टोप कोन बनवीन?"

ऋषीचा टोप घेतला, आणि बंडूजींनी परतीच्या गाडीत बसून कात्रीने त्याच्या जटा कमी केल्या, आणि एक बाजू अधिक कमी जाहली म्हणून दुसरी कमी केली, आणि असे करिता मूर्तिजापूर आले.

चैत्र शुद्ध एकादशीस दिवस वर येताच रुळांवर फौज उभी राहिली. मनोजरावांचे शिरी टोप चढविला. बाईंनी अॅक्शनचा हुकूम केला, प्रतीक्षाबाईंनी नजर वर करून नायकाकडे पाहिले, आणि तेथेच घात जाहला. त्यांस हसू आले. हसू आवरून दुसऱ्यांदा पाहिले, अधिक आले. तिसऱ्यांदा वारा सुटून टोपाची मागची बाजू पुढे आली आणि प्रतीक्षाबाई रुळावर बसल्या. ऐसे नऊ हल्ले जाहले. नववे वेळी हसता हसता उचकी लागली, ती पाण्याने थांबेना, श्वास कोंडून थांबेना.

"मले माफ कर व आकांक्षा," प्रतीक्षाबाई डोळे पुसत बोलिल्या, "आबा गेले याचं मले लय वाईट वाटून राहिलं, पन याच्याकडे पाहून मले प्रेमच येऊन नाही राहिलं. तूच उभी राय. पाठमोरंच तं दिसाचं हाय."

ऐसे म्हणोन त्यांनी आपली पिवळी ओढणी काढून बाईंच्या गळ्यात घातली आणि लिंबाखाली जाऊन बसल्या. तीन वर्षे बाईंनी मनोजरावांस मागल्या बाकावरून पाहिले, एक दिवस छत्री तलावी कॅमेऱ्यामागून पाहिले. समोरून, एका हाताच्या अंतरावरून, कधी पाहिले नव्हते. परंतु उद्या द्वादशी. आणि सरदाराने कच खाल्ली तर फौज कोणाकडे पाहील? बाईंनी बंडूजींस जागा दाखविली आणि रुळांत जाऊन उभ्या राहिल्या. मग मनोजरावांचा टोप स्वहस्ते काढून गवतात ठेविला.

"टकला हिरो कोन पायते व?" मनोजराव कष्टी होऊन बोलिले.

"मी पायतो न," बाई बोलिल्या, आणि आपण काय बोलिलो हे ध्यानी येऊन घाईने 'अॅक्शन' ओरडल्या.

तिसऱ्या कडव्याचे शब्द असे होते की, 'ऊन लागले तर सांग, मी ओढणी धरीन', आणि नायिकेने नायकाचे माथ्यावर ओढणी धरावी असा प्रसंग होता. मोबाइलावर गाणे सुरू जाहले. चैत्राचे ऊन त्या नव्या टाळूवर सरळ उतरत होते, आणि टाळू लाल जाहली होती, आणि मनोजरावांनी ते कोणास सांगितले नव्हते. बाईंनी दोन्ही हातांनी ओढणी उचलून त्यावर धरिली. सावली पडताच मनोजरावांनी डोळे मिटिले आणि उघडिले, आणि बाईंकडे पाहिले, आणि मग पाहतच राहिले. कडवे संपले. गाणे संपले. लिंबावरचा कावळा तेवढा बोलत होता.

येथे मोहिमेतील मोठा पेच उत्पन्न जाहला. कट म्हणावयाचा अधिकार एकट्या बाईंचा, आणि बाई स्वतः चौकटीत ओढणी धरून उभ्या. बंडूजींस हुकूम नाही, म्हणून त्यांनी बटण सोडिले नाही. त्यांनी लिंबाकडे पाहिले, तो प्रतीक्षाबाईंनी ओठांवर बोट ठेवून, चालू दे, ऐशी खूण केली. त्यांची उचकी केव्हाच थांबली होती, असे बंडूजींनी पुढे शपथेवर सांगितले आहे.

मनोजराव हळूच बोलिले, "हे गाणं सीनिअरच्या वहीतलं नोहे."

"चूप राय. शॉट चालू हाय."

"चालू हाय म्हणूनच इचारून राहिलो. कट झाला का तू पुन्हा क्यामेऱ्यामांगं जाशीन, मंग मले पुसता येनार नाही. कोनावर लिवलं व?"

लाज वाटत होती, भय वाटत होते, आणि पळावे म्हटले तर हात सोडिले की याचे डोके उन्हात पडेल. बाईंनी हात सोडिले नाहीत.

"तुयावर," बाई बोलिल्या.

छत्री तलावी बावीस शॉटांत जे मनोजरावांच्या मुखावर आले नाही ते तेव्हा आले, आणि मग त्यांचे ओठ हलले आणि ते काही थोडके बोलिले. ते बाईंनी ऐकिले. बंडूजींस अंतरामुळे ऐकू गेले नाही. बखरकारास ठाऊक आहे, परंतु लिहीत नाही. मग कार्ड भरून कॅमेरा आपोआप बंद पडला, आणि तोच कट समजून बंडूजींनी बटण सोडिले.

रातोरात फितीचा मूळ आवाज काढून तीवर अखेरपर्यंत गाणे चढविले, आणि द्वादशीस केशवराव सरांच्या दालनी फीत दाखविली. सरांनी दोन हरकती काढिल्या. पहिली, नायकाचे केस तिसऱ्या कडव्यात कोठे गेले? बाईंनी अदबीने उत्तर केले की, नायकाचे आबा गेले. सर वऱ्हाडचेच, त्यांनी यावर अधिक पुसले नाही. दुसरी हरकत अशी की, तिसऱ्या कडव्याअखेर नायकाचे ओठ हलतात ते गाण्याच्या शब्दांशी जुळत नाहीत, म्हणून तेवढा तुकडा कापून फीत सायंकाळी पुन्हा दाखल करावी, अन्यथा पाच गुण कमी होतील. मनोजराव दाराशी उभे होते. ते खाली पाहू लागले, आणि टाळूपर्यंत लाल जाहले.

बाईंनी अर्ज केला की, तुकडा कापता येत नाही, गुण कमी करावे.

त्याप्रमाणे पाच गुण कमी जाहले. पन्नासांपैकी एकतीस मिळाले, आणि तुकडा जागचा हलला नाही. मोहीम फत्ते जाहली. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, चैत्र शुद्ध द्वादशी, मुक्काम अमरावती, मजकूर येथे पुरा केला.