भास्कररावांची वसुली

पगार झाला की पुढच्या सोमवारी भास्करराव आजारी पडत. त्यात कधी चूक झाली नाही. रविवारी माणूस ठाण्याच्या बाजारात पापलेटावरून कोळणीशी धडधाकट हुज्जत घाली आणि सोमवारी कण्हत कारखान्याच्या दवाखान्यात पहिला नंबर लावी.

“पगारातून दवापाण्याचे पैसे कापलेत ना? मग वसूल,” हे त्यांचं ब्रीद.

आमचा कारखाना कोलशेतला. मी तिथे नवा कारकून, आमच्या घराण्यातला पहिला बी. ए., म्हणून भास्करराव मला ‘बी. ए.’ अशीच हाक मारत; ते जुने टाइमकीपर. ही नोकरी आणि त्यांच्याच चाळीतली खोली, दोन्ही मला त्यांनी मिळवून दिलं, म्हणून त्यांची चेष्टा मी जरा जपून करतो. दवाखाना फक्त कामगारांसाठी होता. घरच्यांना तिथे औषध नाही. बायकोविषयी भास्करराव एवढंच बोलत, “आमच्याकडे एक रेडिओ आहे, बंद होत नाही.”

एका वर्षी आमच्या दवाखान्याचं कंत्राट मिळवायला ठाण्यातल्या दोन डॉक्टरांत चुरस लागली. एकाने दर उतरवला की दुसरा आणखी उतरवी. आता कपात घटणार, हातात पगार जास्त पडणार, असं भास्कररावांनी जाहीर करून टाकलं. स्वस्तातला डॉक्टर आला. कपात तेवढीच राहिली. साहेबांच्या खोलीत मात्र नवा पंखा फिरू लागला.

“डॉक्टर भांडले आणि घाम साहेबांचा सुकला,” भास्करराव म्हणाले.

खरी पंचाईत पुढेच होती. जुना डॉक्टर मागेल त्याला बाटली भरून देई. नव्याला तुटपुंज्या पैशांत सगळं भागवायचं, म्हणून तो तपासल्याशिवाय थेंब देईना. त्या सोमवारी भास्करराव प्रथमच घाबरलेले दिसले. मी मानेवरचं गळू घेऊन त्यांच्या मागे उभा होतो.

“काय होतंय?” डॉक्टरने विचारलं.

भास्कररावांनी डोळे मिटले आणि एका दमात सांगितलं, “जिना चढले की धाप लागते. भाकऱ्या थापताना मध्येच भिंतीला टेकते.”

रांगेत हशा पिकला. कुणीतरी विचारलं, “भास्करराव, लुगडं आठवारी की नऊवारी?”

डॉक्टर हसला नाही. “संध्याकाळी पाय सुजतात?”

“सुजतात.” भास्कररावांचा आवाज एकदम खाली आला.

डॉक्टरने बाटली भरली, तिला मात्रेची कागदी पट्टी चिकटवली. “ही आठवड्यापुरती. पण छाती तपासावी लागेल. रविवारी माझ्या घरी या. जिना नाही तिथे. आणि लुगडं नेसूनच या.”

परतताना भास्कररावांनी बाटलीवरची पट्टी दोनदा वाचली. मग बाटली रुमालात गुंडाळत म्हणाले, “बायकोकडून घोकून घेतलं होतं रे, बी. ए.! म्हटलं, तिचं दुखणं तिच्याच शब्दांत सांगावं. औषध बरोबर लागू पडेल.”