आबांचा पृथ्वीचा पारा

रेवदंड्यात परगावाहून कोणी उतरले की लोक त्याला खुशाली विचारतात. सेवानिवृत्त मास्तर आबा वर्तक विचारतात, “तिकडे पारा कितीवर होता?”

सबंध पृथ्वीची सरासरी उष्णता काढणे हा आबांचा संकल्प. मी कचेरीसमोर बसून लोकांचे अर्ज लिहितो. आबा मला थट्टेने वकील म्हणतात आणि मी त्यास हरकत घेत नाही. एकदा मी आक्षेप काढला, “जिथली माहितीच नाही, तिथे काय मांडणार? शून्य?”

“शून्य मांडील तो गाढव! चौफेर शेजाऱ्यांवरून अंदाज बांधायचा.”

“माझा शेजारी सावकार आहे, आबा. मी नाही.”

“म्हणून तर एकाच शेजाऱ्यावर विसंबू नये, वकील!”

एक उष्णतामापक त्यांनी मुरूडला अक्कांकडे, म्हणजे विधवा बहिणीकडे, ठेवला होता. दसऱ्याला अक्कांनी हत्यारांबरोबर त्याचीही पूजा केली आणि मौल्यवान वस्तू म्हणून तो देवघरातच, समईशेजारी राहू दिला. आबांच्या वहीत मुरूड अरबस्तानातल्या एडनहून तापले. आबा बैलगाडी करून गेले आणि दारातूनच ओरडले, “अक्का, अगं पृथ्वीला ताप आणलास!”

“देवापाशी कधी कोणाला ताप येतो होय रे?” अक्का म्हणाल्या.

पुढे सारे गणित आफ्रिकेखालच्या समुद्रापाशी अडले. तिथला शेजार म्हणजे पाणीच. आगबोटीच्या कंपनीला मी सुबक अक्षरात अर्ज लिहिला; उत्तर आले नाही. त्याच बाजूच्या एका बोटीवर आबांचा मुलगा दिनू भट्टीत कोळसा टाकायला गेला होता. पुढे त्याची खबर नाही. आबा त्याचे नाव काढीत नसत, सबब मीही ते अर्जात घातले नाही.

अखेर आमच्या गावचा हुसेन खलाशी त्या समुद्रावर निघाला. आबांनी त्याला बंदरावर गाठून बजावले, “तुझ्या आकड्यावाचून माझी पृथ्वी अपुरी आहे!”

होळीच्या सुमारास हुसेन परतला, तो थेट आबांच्या ओटीवर आला. मी तिथेच होतो.

“आबा, कप्तानाच्या खोलीतला पारा बघून आलोय. पाठ केलाय—”

“थांब,” आबा म्हणाले. “तिथे थंडी फार?”

“लय, आबा.”

“कोळसेवाल्यांना पांघरूण देतात काय रे?”

हुसेनने माझ्याकडे पाहिले, मग त्यांच्याकडे.

“देतात की. दोन-दोन देतात.”

“लोकरीची?”

“व्हय, आबा. लोकरीची.”

मी पेन्सिल पुढे केली. आबांनी ती घेतली नाही. हुसेनसाठी चहा टाकायला ते आत गेले आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.