पाणघोडा आणि पाणी यांच्यामध्ये

पाणघोड्याविषयी मला काही शिकवील असा माणूस अजून जन्माला यायचाय. एकतीस वर्षं मी प्राणिसंग्रहालयात पाणघोड्याच्या हौदावर कामाला होतो. त्याचं नाव आम्ही ठेवलं होतं भोपळ्या. बायकोचा चेहरा पाहिला नसेल इतका मी त्या भोपळ्याचा जबडा पाहिलाय. म्हणून नातीच्या बालवाडीत प्राण्यांची ओळख करून देताना पाणघोड्याची पाळी आली, तेव्हा मी छाती काढून बाईंना सांगितलं, की मी येतो. नुसता बोलणार नाही, पुस्तक वाचून दाखवणार.

पुस्तकाचं मी उगाच बोललो नव्हतो. नातीचं नाव घालायला शाळेत मीच गेलो होतो आणि अर्जावर सहीच्या जागी अंगठा उमटवला होता. रांगेत मागे उभ्या असलेल्या एका चिमुरडीनं ते पाहिलं आणि वर्गभर केलं, की हिच्या आजोबांना वाचता येत नाही. नात घरी आली. पाटी घेऊन माझ्यासमोर बसली, एवढंच. त्यानंतर वर्षभर तिनं मला शिकवलं. चुकलं की कान धरायची, माझाच. आता ती वर्गात सांगून बसली होती, की आमचे आजोबा अख्खं पुस्तक वाचतात.

पुस्तक बारा पानांचं होतं. सूनबाई म्हणाली, नुसती चित्रं दाखवलीत तरी पोरं खूश होतील. मी म्हटलं, चित्रच दाखवायचं तर माझी काय गरज, भोपळ्यालाच पाठवला असता.

वर्गात बावीस पोरं सतरंजीवर बसली होती. मला दिलेली खुर्ची इतकी बुटकी, की माझे गुडघे कानाला लागले. शब्दाखाली बोट धरून मी सुरुवात केली. माझं वाचन म्हणजे चढावर निघालेली भरलेली हातगाडी. नात पहिल्या रांगेत बसून माझ्याबरोबर ओठ हलवत होती, जणू मागून गाडी ढकलत होती. दुसरं पान संपेपर्यंत एक पोरगं झोपलं आणि दुसऱ्यानं त्याचे मोजे काढून तिसऱ्याच्या हातात घातले.

मग मी पानात बोट ठेवून पुस्तक मिटलं आणि म्हटलं, जरा समजावून सांगतो.

सांगायला लागलो आणि पोरं ताठ बसली. पाणघोड्याला धड पोहता येत नाही, तो तळावरून चालत जातो. पाण्यात झोपला तर झोपेतच वर येतो, श्वास घेतो आणि परत खाली जातो. त्याच्या कातडीतून लालसर पाझर येतो, पण ते रक्त नसतं, उन्हापासून कातडी वाचवायची ती सोय असते. शेण टाकताना तो शेपटी पंख्यासारखी फिरवतो, हे सांगितल्यावर तर झोपलेलं पोरगंही उठून हसायला लागलं.

मग मी आवाज उतरवला. म्हटलं, जांभई. पाणघोडा जांभई देतो ती झोप आली म्हणून नव्हे, तर रागावला म्हणून. अशा वेळी पळायचं नाही, पळण्यात तो आपल्याला हरवतो. तो आणि पाणी यांच्यामध्ये उभं राहायचं नाही. गुपचूप बाजूला व्हायचं. आणि फार वेळ उन्हात राहिला तर कातडी तडकते, तेव्हा अंगावर पाणी मारायचं. हे सगळं मी त्यांच्याकडून तीनदा म्हणून घेतलं.

तेवढ्यात शाळा तपासायला साहेब आले. अंगानं भरदार, करड्या कोटातले, नुकतेच जेवून उन्हातून आलेले. दाराशी खुर्चीवर बसले. बाईंनी मला खूण केली, वाचत राहा. मी तिसरं पान उघडलं.

तिसऱ्या ओळीला साहेबांनी जांभई दिली. साधीसुधी नव्हे. मागच्या दाढेवरची चांदी दिसली.

बावीस तोंडं माझ्याकडे वळली. तेव्हाच काही बोललो असतो तर पुढचं टळलं असतं. पण एकतीस वर्षांची सवय. पुस्तक छातीशी धरून मी उठलो आणि दोन पावलं बाजूला झालो.

झालं. पोरं उठली, आवाज न करता दोन्ही भिंतींना लागली. साहेबांपासून पलीकडच्या कोपऱ्यातल्या पाण्याच्या पिंपापर्यंत सरळ वाट मोकळी झाली.

"वा, शिस्त चांगली आहे," साहेब म्हणाले आणि तहान लागली होती म्हणून त्या वाटेनं थेट पिंपाकडे गेले.

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. आजोबा म्हणाले तसंच घडत होतं.

पिंपाची तोटी मुलांच्या उंचीची, म्हणून साहेब वाकले. उन्हानं त्यांची मान लालबुंद झाली होती. "लाल आलं," एक मुलगी हळूच म्हणाली. सर्वांत लहान पोरानं तिथला प्लास्टिकचा मग उचलला, शेजारच्या बादलीतून भरला आणि काळजीपूर्वक साहेबांच्या मानेवर ओतला.

"अजून एक टाकू का, आजोबा? पाठ कोरडीच आहे."

साहेबांनी विचारलं, हे कुणी शिकवलं. बावीस बोटं माझ्याकडे झाली, त्यात नातीचंही होतं. घडला प्रकार लेखी द्या, साहेब म्हणाले. बाईंचा चेहरा पांढराफटक पडला. घाईघाईनं म्हणाल्या, की मी लिहिते, आजोबा खाली अंगठा देतील.

"आजोबांना लिहिता येतं," नात म्हणाली.

मी लिहायला बसलो. साहेबांची कॉलर पंख्याखाली वाळली तेव्हा माझं लिहून झालं. वाचून दाखवा म्हणाले. मी उभा राहिलो, आणि बोट न लावता वाचलं: "पाणघोडा जांभई देतो तेव्हा तो रागावलेला असतो. हे मी मुलांना सांगितलं. माणूस जांभई देतो तेव्हा त्याला झोप आलेली असते. हे सांगायचं राहिलं."

साहेबांनी तोंडावर हात ठेवला. हसू दाबलं की जांभई, ते कळलं नाही. पोरं मात्र पुन्हा भिंतीला लागली.

खाली मी सही केली. अंगठ्याची बातमी पसरवणारी चिमुरडी जवळ आली, ओली शाई निरखून जागेवर जाऊन बसली. नातीनं तिच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. इतका रुबाब मी भोपळ्यातही पाहिला नव्हता.

बाईंनी मला पुढच्या आठवड्यालाही बोलावलंय. प्राणी मात्र या वेळी त्यांनीच निवडला, गोगलगाय. निघताना त्यांनी मला थांबवून विचारलं, की ती रागावली की काय करते.

मी म्हटलं, काही नाही, आत जाऊन बसते.

"मग चालेल," बाई म्हणाल्या.