रेवजी ऑनलाइन आहे

रेवजीला वीसपैकी अठरा गुण पडले, तेव्हा त्याला कॉलेज सोडून पुरता महिना झाला होता.

कलीमने मोबाइलवरची यादी पाहिली, डोळे चोळले, पुन्हा पाहिली आणि फोन सोनमपुढे धरला. कॅन्टीनमध्ये दोघांचा चहा तसाच निवत राहिला.

"कोनी लिखा त्याना पेपर?" कलीमने विचारलं.

"मी नई," सोनम म्हणाली. "तू?"

"अम्मीनी कसम, मी बी नई."

तिसरी होती रिम्शा. तिचा चेहरा पांढरा पडला होता, आणि तो पडायला कारणही होतं.

नंदुरबारच्या त्या कॉलेजात एमबीएच्या वर्गात विद्यार्थी मोजून दहा. मोठ्या शहरांची हौस म्हणून कॉलेजने यंदापासून ग्रेड क्रमांकावर द्यायला सुरुवात केली होती. तुम्हाला गुण किती पडले याला किंमत नाही, इतरांपेक्षा किती जास्त पडले याला किंमत. जो दहावा येईल तो प्रोबेशनवर. लागोपाठ दोन सत्रं दहावा आला की नाव कमी. शर्यतीत शेवटी कुणीतरी असतोच, पण त्याला घरी धाडायची सोय आमच्याकडे प्रथमच झाली. पहिल्या सत्रात दहावी आली होती रिम्शा.

आता रिम्शाचे अब्बा सलाउद्दीन हे घोड्यांची खोगिरं शिवणारे. सारंगखेड्याच्या यात्रेत त्यांचं खोगीर ओळखू येतं. मुलीला प्रवेश मिळाला त्याच आठवड्यात त्यांनी दुकानाच्या पाटीवर आपल्या नावाखाली 'रिम्शा, एमबीए' असं रंगवून घेतलं होतं. पेंटरने घाई कशाला म्हणून पाहिलं, पण ऐकतो कोण! आता पोरीचं नाव कमी झालं, तर ती पाटी अख्ख्या गल्लीसमोर खरवडावी लागणार होती.

रेवजी धडगावच्या डोंगरातला. पहिल्या सत्रात नववा. घरची माणसं ऊसतोडीला गुजरातेत निघाली तसं त्यालाही जावं लागलं. विसरवाडीच्या नाक्यावर ट्रकमध्ये चढताना त्याने या तिघांना एवढंच सांगितलं, "मन्हं नाव कटू देऊ नका. मी येसू." कॉलेजच्या वेबसाइटचा पासवर्डही दिला. खरं तर त्याची गरज नव्हती. कॉलेजने सगळ्यांना एकच पासवर्ड दिला होता आणि तो बदलण्याचे कष्ट कुणी घेतले नव्हते.

मग तिघांनी हिशेब मांडला. रेवजीच्या नावाने रोज ऑनलाइन हजेरी लावायची, चाचण्याही ऑनलाइनच, त्या मात्र कोऱ्या सोडायच्या. तो दहावा येईल. त्याचं पहिलंच प्रोबेशन, नाव काही कमी होत नाही. रिम्शा नववी येईल, ती वाचेल. यात कुणाचं वाईट नव्हतं. फक्त रेवजीने कोरं राहायला हवं होतं.

तो राहिना. दुसऱ्या चाचणीत त्याला एकोणीस पडले. रिम्शाला चार.

"फोन लाव त्याले," सोनम म्हणाली. फोन बंद. दुसऱ्या दिवशीही बंद, आठवड्यानेही बंद. कॅन्टीनवाल्या चुनीलालकाकांनी कपबशा विसळता विसळता सहज सांगितलं, की मागल्या महिन्यात विसरवाडीपुढे मजुरांचा एक ट्रक उलटला म्हणतात. आणि वर म्हणाले, "ज्यानी इच्छा ऱ्हाई जास ना, तो येस. येसच."

"जिवत व्हता तवय नववा," कलीम हळूच म्हणाला, "आन् मरीसन पहिला!"

हसू कुणालाच आलं नाही.

मग एक हिरवा ठिपका दिसू लागला. कॉलेजच्या वेबसाइटवर जो हजर असेल त्याच्या नावापुढे हिरवा ठिपका येतो. रेवजीचा ठिपका यायचा भर दुपारी बरोबर बाराला, आणि ती वेळ आपल्याकडे काही चांगली मानत नाहीत. वर्ग जेवायला गेलेला, रिम्शा अब्बांचा डबा पोचवायला गेलेली, व्हरांड्यात कुत्रंही नाही. कलीम आणि सोनम फोनकडे बघत बसायचे. 'रेवजी ऑनलाइन आहे.' अर्धा तास तो ठिपका हलायचा नाही. मग जसा आला तसा जायचा. एकदा कलीमने धीर करून त्याला लिहिलं, 'कोठे शे तू?' ते वाचल्याची खूण आली. उत्तर आलं नाही. कलीमने त्या दिवशी डबा उघडलाच नाही.

तिसऱ्या चाचणीनंतर जगदीश सरांनी रेवजीचं उत्तर वर्गात वाचून दाखवलं. "या मुलाला विषय आतून कळलाय," ते म्हणाले. "आहे कुठे तो? हजेरी तर रोजची दिसते."

सगळ्यांनी रेवजीच्या रिकाम्या बाकाकडे पाहिलं. सरांनीही पाहिलं. बाकाच्या कडेला दोऱ्यात लिंबू आणि सात मिरच्या लटकत होत्या.

"हे काय?"

"सर, उन्हाळा शे," सोनम म्हणाली. याहून बरं तिला सुचलं नाही.

आता उरली होती सत्राची शेवटची परीक्षा, पन्नास गुणांची. रिम्शा दहावी होती. जेवण तुटलं होतं तिचं. कलीम आणि सोनमला वाटे, रेवजी आपल्यावर रागावलाय. त्याला कोरं ठेवायचं ठरवलं ते त्याला कळलंय, आणि तो रिम्शावर सूड उगवतोय.

परीक्षेच्या आदल्या दिवशी दुपारी बाराला कॅन्टीनच्या दारात रेवजी उभा राहिला. काळवंडलेला, वाळलेला, केसांत उसाची पात. सोनमच्या हातून बशी पडली. कलीम बाकावरून मागच्या मागे भिंतीला टेकला.

"तू... तू मरेल नई शे?" सोनमने विचारलं.

"मी? काबर?" रेवजीने सोनमचा भजीचा द्रोण ओढला आणि दोन भजी एकदम तोंडात टाकली. भुतं इतकी भुकेली नसतात हे बघून कलीमला थोडा धीर आला.

"फोन काबर बंद तुन्हा?"

"उसासंगे कारखान्यामा गया. आते साखरमा व्हई कोठे तरी."

"आन् पेपर? पेपर कसा लिखा तू?"

"कोनता पेपर?"

कलीमने फोन वर केला. रेवजी समोर भजी चावत होता आणि पडद्यावर हिरवा ठिपका होता. 'रेवजी ऑनलाइन आहे.' रेवजीने ते वाचलं आणि त्याचंही चावणं थांबलं.

त्याने ठिपक्यावर बोट दाबलं, जे भीतीपोटी आजवर कुणी दाबलं नव्हतं, तर खाली 'कॉम्प्युटर लॅब' असं आलं. तिघं तिकडे गेले. दार लोटलेलं होतं, पंखा फिरत होता आणि आतून कीबोर्डच्या कळा बडवल्याचा आवाज येत होता, भरभर, न थांबता. कुणी आधी जायचं यावर दारात बरीच ढकलाढकली झाली. शेवटी जो मेला होता त्यालाच पुढे घातलं.

आत रिम्शा बसली होती. समोर सरावाचा पेपर, शेजारी अब्बांचा डबा.

रेवजीला पाहून ती किंचाळली, मग ओळखून रडायला लागली. "मी पयले नुसतं देखी ऱ्हायनी, माले येस का नई. मन्ह नाव वर दिसनं का हात गार पडतस. पाटी दिसस. अब्बा दिसतस. काहीच याद येत नई. तुन्ह नाव ऱ्हायनं का बठ्ठं येस. मंग माले थांबताच उनं नई."

रेवजीच्या नावाने तिला सगळं येत होतं आणि थांबणं जमत नव्हतं; आपल्याच हाताने आपल्याला दहावी करत होती पोरगी. भुताची भीती परवडली, असं कलीमला वाटलं.

रेवजीने बराच विचार केला. "सोपं शे," तो म्हणाला. "उद्या तू मन्हा पेपर लिख. मी तुन्हा लिखसू."

"तुले येस का?"

"तुले चार पडतस. चार तं मी बी पाडसू."

हे मात्र तिला पटलं.

दुसऱ्या दिवशी रेवजीने लवकर येऊन दोन्ही कॉम्प्युटर उघडून ठेवले. एकावर 'रेवजी' लिहिलेलं होतं, त्यापुढे रिम्शा बसली. दुसऱ्यावर 'रिम्शा', तिथे तो. दीड तास तिच्या कळा पावसासारख्या वाजल्या. तिने वर पाहिलं नाही, पाणी प्यायली नाही. शेवटी पेपर पाठवला, कॉम्प्युटरनेच तो तपासला आणि लगेच संदेश आला: 'रिम्शा सलाउद्दीन, आपला पेपर जमा झाला. गुण पन्नासपैकी सेहेचाळीस.'

तिने तो दोनदा वाचला. मग तिचे हात गार पडले. रेवजीने दोन्ही खात्यांवर वर दिसणारी नावं तेवढी बदलली होती. पेपर ज्याचा त्यानेच लिहिला होता.

"आते घाबर, जितलं घाबरनं शे तितलं," रेवजी म्हणाला. "पेपर तं गया."

ती हसतच सुटली, आणि हसता हसता कितीतरी वेळ डोळे पुसत राहिली. परीक्षा संपली तशी कलीमने सत्राची यादी उघडली. रिम्शा नववी. वाचली! सोनमने तिला मिठी मारली. कलीमचं बोट एक ओळ खाली सरकलं आणि तिथेच थांबलं. दहाव्या जागी त्याचं स्वतःचं नाव होतं. महिनाभर भुतावर पाळत ठेवताना अभ्यास तेवढा राहून गेला होता.

"दहावा कोन शे रे?" रिम्शाने डोळे पुसत विचारलं.

कलीमने फोन खिशात घातला.

"शे कोनी तरी," तो म्हणाला. "पहिलंच शे त्यानं. काय व्हत नई."