मागच्या सीटवरचा बिघाड

ऑफिसला बसने जायचं की नवऱ्याच्या मोटरसायकलवर मागे बसून, एवढाच प्रश्न होता. तिने मोटरसायकल निवडली आणि तिथेच सगळं फिसकटलं.

खरं तर निवडीत काही चूक नव्हती. घर दोन खोल्यांचं. त्यात सासूबाई, सासरे आणि उजाडल्यापासून बोलणारा टीव्ही. लग्न नवं होतं, पण नवरा-बायकोला एकमेकांशी चार शब्द बोलायचे तर मोरीतला नळ सोडून त्याच्या आवाजाआड बोलावं लागे. (नळ फार वेळ चालू राहिला की सासरे बाहेरून विचारत, "बादली आहे की विहीर?") त्यामुळे घरापासून तिच्या ऑफिसपर्यंतचा रस्ता हाच काय तो त्यांचा संसार. घरात ती त्याला 'अहो' म्हणे, गल्लीचं वळण मागे पडलं की 'तू'. रुसवे, थट्टा, कालच्या आमटीत मीठ दोनदा कोणी टाकलं याची खरी हकिकत, सगळं त्या सीटवर. पहिल्याच दिवशी तिने त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून सांगितलं होतं, "जरा हळू चालव ना." भीती वगैरे काही नव्हती. रस्ता लवकर संपू नये, एवढंच.

आणि मग गाडी गचके द्यायला लागली.

आधी इंजिन घशात काही अडकल्यासारखं खाकरे, मग एक ठोका गाळे, मग एकदम पुढे उडी मारे. तिचं हेल्मेट त्याच्या हेल्मेटवर आपटे. गाडी त्याची लग्नाआधीपासूनची. तिला पुसायचं फडकं त्याच्या टॉवेलपेक्षा स्वच्छ असायचं. त्यामुळे त्याचा चेहरा असा उतरला, की बघणाऱ्याला वाटावं घरात कोणी आजारी आहे.

रात्रीच्या जेवणाला त्याने विषय काढला.

"गाडी मिस मारतेय. एकटा असलो की काही नाही. ही बसली की सुरू."

त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. हवामान सांगावं तसं त्याने सांगितलं, आणि तिला राग आला तो त्या सहजपणाचाच. सासूबाई, सासरे, नवरा, तिघांनी तिच्याकडे बघितलं, मग तिच्या ताटाकडे. तिने हातातला घास खाली ठेवला. मग परत उचलला. चोरी थोडीच केली होती.

"लोड," सासरे म्हणाले. त्यांचं उभं आयुष्य गोदामातल्या वजनकाट्यावर गेलेलं. जगातली बहुतेक दुखणी त्यांच्या मते वजनामुळे होतात. "इंजिनला लोड झेपत नाही."

"काहीतरीच काय," सासूबाई सुनेच्या मदतीला धावल्या. "माझ्या भाच्याची बायको बघा. एवढी." (दोन्ही हात पसरून.) "ती बसते तरी त्याची गाडी घाट चढते. त्या मानाने ही बारीकच आहे."

हे 'त्या मानाने' तिला भांडी विसळून होईपर्यंत पुरलं.

दुसऱ्या दिवशी दोघं गाडी घेऊन मेकॅनिककडे गेले. मेकॅनिकने सीटवर टांग टाकली आणि तो बाणासारखा सुटला. रस्त्याच्या टोकाला जाऊन तसाच परत आला. "गाडी लोण्यासारखी आहे," म्हणाला. तरी आलाच आहात तर, म्हणून त्याने प्लग बदलला. मग हात पुसत विचारलं, "डबल सीटलाच होतं का?"

"डबल सीटलाच," नवरा म्हणाला.

"मग वहिनी, तुम्ही थोडं पुढे सरकून बसत जा. वजन मागे पडलं की असं होतं."

ती पुढे सरकून बसली. गचके. मागे सरकून बसली. गचके. डबा आणि पर्स नवऱ्याच्या गळ्यात अडकवून बसली. गचके. एकदा तर चौकापासून पुलापर्यंत श्वास रोखून बसली, जणू हवा आत घेतली नाही तर वजन कमी भरतं. पुलावर गाडीने असा गचका दिला की रोखलेला श्वास शिंकेसारखा बाहेर आला आणि शेजारचा रिक्षावाला म्हणाला, "सांभाळून, ताई."

ती भांडणारी नव्हती. ती गप्प बसे, आणि लोक समजत की तिला पटलं. तेवढ्यावर सासऱ्यांनी निकाल देऊन टाकला.

"सोमवारपासून हिला बसने जाऊ दे. गाडी टिकली पाहिजे."

"तात्पुरतं," नवरा तिच्याकडे न बघता म्हणाला.

म्हणजे गाडी टिकली पाहिजे. त्या सीटवर जे काही होतं ते टिकलं नाही तरी चालेल. तिने मोरीत जाऊन नळ सोडला, पण नवरा आलाच नाही. त्याला वाटलं खरंच बादली भरतेय.

रविवारी सासऱ्यांनी प्रयोग काढला. सुनेवर उगाच आळ नको, खात्री करून घेऊ, असं त्यांचं म्हणणं. तिच्या वजनाचं काहीतरी मागे बांधायचं आणि गाडी फिरवून आणायची.

"वजन किती तुझं?"

तिने दोरीचा गुंता सोडवायला घेतला.

"असू दे," म्हणून त्यांनी तिला पायापासून डोक्यापर्यंत एकदा बघितलं, एक डोळा बारीक केला आणि एक आकडा बोलून टाकला, जिन्यावर उभं राहून, खालच्या मजल्याला ऐकू जाईल असा. तिचे कान लाल झाले. (आकडा तंतोतंत होता. हे तिने अजून कोणाला सांगितलेलं नाही.)

गव्हाचं पोतं आणलं. कमी पडलं म्हणून वर इस्त्री ठेवली, तरी कमी म्हणून दळणाचा डबा. सगळं दोरीने सीटला आवळलं. गहू धुळीने माखू नयेत म्हणून सासूबाईंनी वरून जुनी चादर पांघरली. बांधाबांध झाल्यावर ते थेट कोणीतरी डोक्यावरून पदर घेऊन बसल्यासारखं दिसायला लागलं. समोरच्या काकू खिडकीतून म्हणाल्या, "निघालात का दोघं? या जाऊन." ती तेव्हा गॅलरीत उभी होती. तिच्याकडे काकूंचं लक्षही गेलं नाही.

नवरा पोत्याला घेऊन भुर्रकन गेला आणि भुर्रकन आला. तीही खाली उतरली.

"एकही गचका नाही."

"म्हणजे वजनाचा संबंध नाही," सासरे विचारात पडून म्हणाले.

तिने सुटकेचा श्वास सोडला.

"म्हणजे हिच्यातच काहीतरी आहे."

आता मात्र तिचं डोकं फिरलं. ऑफिसात ती दिवसभर फोनवर तक्रारी घ्यायची. मशीन बिघडलं म्हणून ओरडणाऱ्या माणसाला, स्वतः न ओरडता, एकेक प्रश्न विचारायची. तोच आवाज तिने लावला.

"पोत्याला घेऊन किती जोरात गेलात?"

"नेहमीसारखं."

"नेहमी म्हणजे मी असताना, की एकटे असताना?"

"एकटा असताना." तो हसला. "पोतं काय घाबरतंय?"

"वळणावर?"

"रेस दिली."

"चौकात थांबलात तेव्हा?"

"थांबलो तरी रेस चालूच ठेवतो मी, सवय आहे माझी."

"मग तू हळू चालवलीसच कुठे?"

'तू' सगळ्यांच्या मधोमध पडला होता आणि उचलायला कोणी पुढे येईना. सासूबाईंनी चष्मा काढून विनाकारण पुसला.

"पण हिच्याबरोबर तू हळू का चालवतोस?" सासऱ्यांनी मुलाला विचारलं.

"हीच सांगते म्हणून."

"का गं? भीती वाटते?"

"हो," ती चटकन म्हणाली.

"भीती कसली?" नवऱ्याला खरंच आश्चर्य वाटलं. "तू तर म्हणाली होतीस, रस्ता लवकर संपू नये म्हणून..."

तेवढ्यात त्याला कळलं आपण कुठे उभे आहोत. सासरे पोत्याची गाठ बारकाईने तपासायला लागले. तिला वाटलं, चादर ओढून आपणच त्या पोत्याच्या जागी बसावं.

पण लाज गेलीच होती, तर निदान न्याय तरी मिळावा. पोतं सोडवून तिने नवऱ्याला एकट्याला, माणूस चालेल इतक्या हळू, गल्लीतून जाऊन यायला लावलं. तो मान खाली घालून गेला. पाचव्या-सहाव्या घराशी गाडी खाकरली. गचका. मग दुसरा.

"बघितलंत?" ती म्हणाली.

"तो बायकोच्या बाजूने आहे," सासरे म्हणाले. "मुद्दाम क्लच सोडला असेल."

"मग आई, तुम्ही बसा," ती म्हणाली. "तुम्ही कोणाच्याच बाजूने खोटं बोलणार नाही."

सासूबाई जन्मात मोटरसायकलवर बसल्या नव्हत्या. मुलाने गाडी घेतली तेव्हापासून त्यांनी गाडीचा धसका घेतलेला होता. पण पंच म्हणून त्यांना आजवर कोणी बोलावलं नव्हतं. त्या बसल्या. मुलाचा शर्ट दोन्ही मुठींत धरला आणि गल्लीच्या टोकापर्यंत त्यांचा आवाज येत राहिला, "हळू. अजून हळू. अरे, एवढी कसली घाई."

परत आल्या तेव्हा गालावर लाली होती.

"देते हो गचके. मला पण दिले. आणि माझं वजन तर हिच्या निम्मं आहे."

(शेवटचं वाक्य साफ खोटं होतं, पण विजयाच्या क्षणी कोण वाद घालतं.)

मेकॅनिकला तिने स्वतःच सांगितलं, "माणसं किती बसलीत याचा संबंध नाही. हळू चालवली की मिस मारते, वेगात मारत नाही." त्याने कार्बोरेटर खोलला. गाडी हळू चालताना पेट्रोल जिथून येतं ते छिद्र केसाएवढं, आणि ते कचऱ्याने बुजलेलं. त्याने ते साफ केलं, फुंकर मारली, सगळं परत जोडलं.

"हे आधी नाही का सांगायचं, वहिनी," तो म्हणाला. त्याच वहिनीला, जिला त्याने पुढे सरकून बसायला सांगितलं होतं.

पण गाडी सुधारली. मुंगीच्या चालीने चालवली तरी एकसारखी घुमायची. घरी सासऱ्यांनी जेवताना "सुनेचं डोकं चालतं" असं जाहीर केलं आणि तिला आग्रह करून दुसऱ्यांदा वाढायला लावलं. तिने निर्धास्त मनाने खाल्लं.

सोमवारी सकाळी ती डबा घेऊन खाली उतरली. गाडी चालू होती. मागच्या सीटवर सासूबाई, मांडीवर पिशवी, डोक्याला तिचंच हेल्मेट.

"माझ्या ताईकडे जाऊन येते," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे आता रोज सकाळी जाईन म्हणते. इतकी वर्षं या गाडीला उगीच घाबरले गं. हळू चालवली की काही होत नाही. तू नसतीस तर कळलंच नसतं मला."

नवऱ्याने तिच्याकडे बघितलं. त्याला काहीतरी बोलायचं होतं, पण तिथे नळ नव्हता.

ती बसने निघाली. पुलावर बसने एका मोटरसायकलला मागे टाकलं. गाडी इतकी सावकाश चालली होती की सायकलवाले घंटा वाजवत पुढे जात होते. इंजिनाचा एक ठोका गळत नव्हता. सासूबाई मुलाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगत होत्या, बहुधा त्या खारट आमटीबद्दल, त्यांच्या बाजूची हकिकत. बसच्या खिडकीत सून दिसताच त्यांनी हात हलवला आणि अख्ख्या पुलाला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं,

"तुझंच बरोबर होतं गं."

बसमधल्या सगळ्यांनी माना वळवून तिच्याकडे आदराने बघितलं. उठून जागा मात्र कोणीच दिली नाही.